यूपीएसचा अलार्म वाजतो तेव्हा: आवाजाचा अर्थ, तपासणीचा क्रम आणि बॅटरीची परीक्षा

यूपीएसमधून येणारा आवाज चारपैकी कोणत्या तरी एका गोष्टीबद्दल असतो: बाहेरून येणारी वीज, यूपीएसवर जोडलेला लोड (म्हणजे उपकरणांची एकूण विजेची मागणी), आतली बॅटरी किंवा स्वतः यूपीएस. यांपैकी वीज गेल्याची सूचना सर्वांत जास्त वेळा ऐकू येते, पण ती बिघाडाची नसते. यूपीएस आपले नेमून दिलेले काम करत आहे एवढेच तिच्यातून कळते. बॅटरी निकामी होत आल्याची सूचना मात्र अनेक मॉडेलांत काही तासांतून एकदा, मिनिटभर वाजते आणि थांबते, त्यामुळे नेमकी तीच दुर्लक्षित राहते. मग एके दिवशी वीज जाते आणि यूपीएस असूनही संगणक त्याच क्षणी बंद पडतो. या लेखात बॅटरीला सर्वांत जास्त जागा दिली आहे ती याच कारणाने.

पुढील माहिती मुख्यतः घरी आणि छोट्या कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या, साधारण ५०० ते ३००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेच्या आणि सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असलेल्या यूपीएसना लागू पडते. मोठ्या, ऑनलाइन प्रकारच्या (सतत वीज रूपांतरित करून देणाऱ्या) यूपीएसबद्दल जिथे वेगळे सांगणे आवश्यक आहे तिथे ते सांगितले आहे.

आवाज बंद करण्याआधी

अलार्म वाजला की पहिले अर्धे मिनिट फक्त ऐकावे. आवाज सलग आहे की तुटक, तुटक असल्यास दोन आवाजांमध्ये किती सेकंदांचे अंतर आहे आणि ते अंतर कमी होत चालले आहे का, एवढ्या गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्याच वेळी यूपीएसच्या पुढच्या बाजूचे दिवे किंवा डिस्प्ले पाहावा. डिस्प्लेवर एखादा कोड दिसत असेल तर लगेच फोनवर त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण साध्या मॉडेलांत यूपीएस बंद करताच तो कोड पुसला जातो आणि नंतर तंत्रज्ञाला सांगण्यासारखे हातात काहीच उरत नाही. खोलीतील दिवे आणि पंखे चालू आहेत की नाही, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. अर्धे निदान या एकाच निरीक्षणातून होते.

त्यानंतर आवाज बंद करण्यास हरकत नाही. बहुतेक यूपीएसमध्ये चाचणीचे किंवा चालू करण्याचे बटण थोडा वेळ दाबून धरल्यास आवाज थांबतो. हा आवाज त्या घटनेपुरताच थांबतो. पुढच्या वेळी वीज गेली की तो पुन्हा सुरू होतो. बॅटरी संपत आल्याचा, ओव्हरलोडचा आणि बिघाडाचा आवाज अनेक मॉडेलांत बंद करताच येत नाही, आणि उत्पादकांनी ही योजना जाणूनबुजून केलेली असते. सॉफ्टवेअरमधून अलार्म कायमचा बंद करण्याची सोयही काही ठिकाणी असते. यूपीएसची सूचना दुसऱ्या मार्गाने, म्हणजे ईमेलने किंवा फोनवर, नक्की मिळत असेल तरच ती वापरावी.

आवाजाची लय आणि तिचा अर्थ

सर्व कंपन्यांची सांकेतिक भाषा एकसारखी नाही, त्यामुळे आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतील अलार्मचे पान छापून यूपीएसजवळ चिकटवून ठेवावे, हा माझा आग्रह आहे. तरीही काही गोष्टी बऱ्याच अंशी समान आढळतात. ठरावीक अंतराने येणारा तुटक आवाज यूपीएस बॅटरीवर चालत असल्याचे सांगतो. छोट्या यूपीएसमध्ये हे अंतर काही सेकंदांचे असते. एपीसी या कंपनीच्या बॅक-यूपीएस मालिकेत दर ३० सेकंदांनी चार बीप वाजतात. हे अंतर कमी होऊन आवाज भराभर येऊ लागला, तर बॅटरी संपत आली आहे आणि उरलेला वेळ मिनिटांमध्ये मोजण्याइतका आहे, असे समजावे. न थांबणारा सलग सूर हा ओव्हरलोडचा किंवा अंतर्गत बिघाडाचा असतो, आणि या दोहोंतील फरक दिव्यांवरून किंवा डिस्प्लेवरून ओळखावा लागतो. काही तासांनी, कोणतेही दृश्य कारण नसताना मिनिटभर वाजून बंद होणारा आवाज बॅटरी बदलण्याची सूचना देतो. वर उल्लेख केलेल्या मालिकेत तो दर पाच तासांनी येतो.

वीज गेली असेल तर

या वेळी करायचे काम एकच आहे: उरलेला वेळ योग्य ठिकाणी खर्च करणे. प्रथम उघड्या फाइली जतन कराव्यात. नंतर ज्यांची गरज नाही अशी उपकरणे, विशेषतः दुसरा मॉनिटर, स्पीकर आणि चार्जर, बंद करावीत. लोड निम्म्यावर आणला तर लेड-ॲसिड बॅटरी दुपटीपेक्षाही जास्त वेळ टिकते, कारण जास्त विद्युतप्रवाह खेचल्यास तिची उपयोगी क्षमता घटते आणि कमी प्रवाहावर ती अधिक मिळते. म्हणूनच फक्त राउटर आणि मोडेम जोडलेला छोटा यूपीएसही तास-दोन तास इंटरनेट चालू ठेवू शकतो, आणि त्याच यूपीएसवर पूर्ण संगणक जोडला तर तो काही मिनिटांतच थांबतो.

आवाज भराभर येऊ लागल्यावर मात्र वाट पाहू नये. संगणक रीतसर बंद करावा, मग यूपीएसही त्याच्या बटणाने बंद करावा. बॅटरी अगदी शेवटपर्यंत वापरणे तिच्या आयुष्याला घातक ठरते. यूपीएस साधारण १०.५ व्होल्टच्या आसपास १२ व्होल्टच्या बॅटरीचा पुरवठा स्वतःहून तोडतो, पण पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच अवस्थेत काही दिवस पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि गमावलेली क्षमता परत मिळत नाही. वीज आल्यानंतर पुन्हा पूर्ण चार्ज होण्यासाठी छोट्या यूपीएसना अनेक तास लागतात. त्या काळात पुन्हा वीज गेली तर नेहमीइतका बॅकअप मिळणार नाही, हे ध्यानात ठेवून काम आखावे.

वीज आहे, तरीही यूपीएस बॅटरीवर

खोलीतील दिवे चालू असताना यूपीएस बॅटरीवर गेल्याची सूचना देत असेल, तर वीज यूपीएसपर्यंत पोहोचत नाही किंवा पोहोचत असलेली वीज त्याला स्वीकारण्यायोग्य वाटत नाही. पहिली शक्यता आधी तपासावी, कारण ती सोपी आहे. प्लग सॉकेटमध्ये नीट बसला आहे का, यूपीएसच्या मागे निघणारी केबल घट्ट आहे का आणि सॉकेटचा स्विच चालू आहे का, हे पाहावे. त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून वीज येते की नाही याची खात्री करावी. अनेक यूपीएसच्या मागे बाहेर येणारी एक बारीक खुंटी असते. तो आतला सर्किट ब्रेकर असतो. ती खुंटी बाहेर आलेली दिसली तर जोडलेली उपकरणे काढून ती आत दाबावी. पुन्हा लगेच बाहेर आली तर दाबण्याचा हट्ट करू नये. एक तर लोड जास्त आहे किंवा आत शॉर्ट सर्किट आहे, आणि दोन्ही प्रसंगी उपाय वेगळा आहे.

वीज सॉकेटपर्यंत येत असेल तर तिचा दर्जा पाहावा. व्होल्टेज फार खाली किंवा फार वर गेले, तर लाइन-इंटरॲक्टिव्ह प्रकारचा यूपीएस आधी आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या मदतीने ते सावरतो, आणि त्या वेळी रिलेचा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. मर्यादेपलीकडे गेल्यावर तो बॅटरी वापरू लागतो. दिवसाच्या ठरावीक वेळी असे घडत असेल, तर त्या वेळा लिहून ठेवाव्यात. जवळचे एखादे जड उपकरण चालू होण्याशी त्यांचा संबंध जुळला, तर यूपीएस वेगळ्या सर्किटवर हलवणे हा खरा उपाय ठरतो. जनरेटरवर यूपीएस सारखा बॅटरीवर जात असेल, तर जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडनुसार डळमळते आणि यूपीएसला ती मान्य होत नाही, हे बहुधा कारण असते. ज्या मॉडेलांत संवेदनशीलता कमी करण्याचे सेटिंग असते, तिथे ते एक पायरी कमी करून पाहावे. संवेदनशीलता कमी केल्याने आपली उपकरणे थोडी अधिक अस्थिर वीज सोसणार आहेत, याची जाणीव ठेवून हा निर्णय घ्यावा. दिवसातून अनेक वेळा बॅटरीवर जाणारा यूपीएस त्याच्या बॅटरीचे आयुष्य भराभर संपवतो, म्हणून या तक्रारीकडे ‘चालतंय ना’ म्हणून पाहू नये.

ओव्हरलोडचा सलग सूर

यूपीएसवर लिहिलेला मोठा आकडा बहुधा व्हीएचा असतो आणि खरेदी करताना तोच लक्षात राहतो, पण ओव्हरलोड ठरवताना वॉटची मर्यादाही तितकीच लागू होते. ६०० व्हीएच्या अनेक यूपीएसची वॉटमधील क्षमता ३६० च्या आसपास असते. समजा, त्यावर १५० वॉटचा संगणक आणि प्रत्येकी ३० वॉटचे दोन मॉनिटर आहेत. एकूण २१० वॉट, म्हणजे क्षमतेच्या साधारण ५८ टक्के. सर्व काही ठीक आहे. आता त्याच यूपीएसवर लेसर प्रिंटर जोडला. प्रिंटर स्वस्थ असताना काहीच जाणवणार नाही, पण छपाई सुरू होताना त्यातील तापणारा रोलर क्षणात कित्येकशे वॉट ओढतो आणि अलार्म वाजतो. काही सेकंदांनी तो थांबतो, त्यामुळे वापरणाऱ्याला कारण सापडत नाही. लेसर प्रिंटर, हीटर, इस्त्री, मिक्सर, फ्रिज यांसारखी उपकरणे यूपीएसच्या बॅटरीवरील सॉकेटला जोडू नयेत. काही यूपीएसमध्ये केवळ सर्ज (व्होल्टेजची अचानक आलेली उसळी) संरक्षण देणारी वेगळी सॉकेट असतात. प्रिंटरला तीच वापरावीत.

अलार्म चालू असताना लोड कमी करण्याचा क्रम असा ठेवावा: सर्वांत शेवटी जोडलेले उपकरण आधी काढावे, थांबावे, डिस्प्लेवरील टक्केवारी पाहावी आणि आवाज थांबला नाही तर पुढचे काढावे. सगळे एकदम काढले तर नेमका दोषी कोण ते कळत नाही. लोड ७० ते ८० टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे. वीज असताना ओव्हरलोड झाला तर लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस काही काळ तग धरतो, परंतु त्याच अवस्थेत वीज गेली तर तो पुरवठा तत्काळ तोडतो. म्हणजे अलार्म वाजत असताना ‘सध्या चालू आहे’ हे समाधान फसवे असते. सर्व उपकरणे काढल्यानंतरही ओव्हरलोडचा सूर चालू राहिला, तर दोष यूपीएसमध्ये आहे.

यूपीएसच्या सॉकेटला अनेक सॉकेटांची एक्स्टेन्शन पट्टी लावून त्यावर उपकरणे वाढवत नेणे, तसेच एका यूपीएसवर दुसरा यूपीएस जोडणे, या दोन्ही सवयी टाळाव्यात. पहिलीमुळे लोड कळत-नकळत वाढतो. दुसरीत पहिल्या यूपीएसच्या बॅटरीवरील पायऱ्यांसारख्या तरंगाची वीज दुसऱ्याला सदोष वाटू शकते आणि दोघेही एकाच वेळी बॅटरी रिकामी करू लागतात.

बॅटरी बदलण्याची सूचना

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे यूपीएसमधील व्यवहार्य आयुष्य सामान्यतः तीन ते पाच वर्षांचे असते, आणि हा अंदाज सुमारे २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी आहे. सततचे तापमान त्याहून साधारण १० अंशांनी वाढले की आयुष्य अर्ध्यावर येते. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दोन वर्षांत संपते ती बहुधा याच कारणाने, आणि दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला दिला जातो.

सूचना आली म्हणजे बॅटरी लगेच बदलावी असे नाही, पण ती त्याच आठवड्यात तपासावी. अनेक यूपीएस सुरू होताना आणि काही मॉडेलांत दर दोन आठवड्यांनी स्वतःची चाचणी घेतात. लांबलेल्या वीजकपातीनंतर बॅटरी पुरती चार्ज होण्यापूर्वीच ही चाचणी झाली, तर चांगली बॅटरीही नापास ठरू शकते. म्हणून पहिली पायरी ही की यूपीएस किमान रात्रभर, शक्य असल्यास २४ तास, विजेवर चालू ठेवावा आणि मग बटणाने किंवा सॉफ्टवेअरमधून चाचणी पुन्हा घ्यावी. ती पार पडली आणि सूचना गेली तर सध्या काही करण्याची आवश्यकता नाही. पुन्हा नापास झाली तर पुढे जावे.

दुसरी पायरी जोडणी तपासण्याची. अगदी नव्या यूपीएसमध्ये वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी बॅटरीची एक तार मुद्दाम सोडलेली असते. ती न जोडताच यूपीएस वापरात आणला तर ‘बॅटरी नाही’ किंवा ‘बॅटरी बदला’ अशी सूचना येते. जुन्या यूपीएसमध्ये तारेच्या टोकाची चपटी क्लिप सैल झालेली किंवा गंजलेली असू शकते. ही तपासणी करताना जोडलेली उपकरणे बंद करावीत, यूपीएस बटणाने बंद करावा, त्याचा प्लग काढावा आणि मगच बॅटरीचे झाकण उघडावे. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी तिची दोन टोके धातूने जोडली गेल्यास शेकडो अँपियरचा प्रवाह वाहतो आणि अंगठी क्षणात लालबुंद होते. काही मॉडेलांत बॅटरीचे सर्किट मुख्य विजेपासून विलग केलेले नसते, म्हणून प्लग लावलेला असताना बॅटरीच्या टोकांना हात लावणे किंवा मीटर टेकवणे धोक्याचे आहे. ज्या यूपीएसमध्ये वापरकर्त्याने बॅटरी बदलण्याची सोय दिलेली नाही, म्हणजे पूर्ण खोकेच स्क्रूने खोलावे लागते, तिथे हे काम तंत्रज्ञाकडे द्यावे. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

तिसरी पायरी मीटरची. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीची आधी काळी आणि मग लाल तार सोडवावी आणि तिला काही तास तशीच राहू द्यावी, कारण चार्जर तोडल्या-तोडल्या दिसणारे व्होल्टेज खऱ्यापेक्षा जास्त असते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक लाल खांबाला आणि काळे टोक काळ्या खांबाला टेकवावे. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट किंवा अधिक आकडा आला तर बॅटरी पूर्ण चार्ज झालेली आहे. १२.२ च्या आसपास आकडा आला तर ती निम्मीच भरली आहे. १२ च्या खाली आला तर ती चार्ज धरून ठेवत नाही. आकडा १०.५ च्या जवळ अडकला असेल तर त्याचा अर्थ आणखी स्पष्ट आहे: बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यांपैकी एक बाद झाला आहे आणि उरलेल्या पाचांची बेरीज आपल्याला दिसते आहे. अशी बॅटरी किती वेळ चार्ज केली तरी सुधारत नाही.

चांगला आकडा आला म्हणून निर्धास्त होऊ नये, ही या पायरीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. विश्रांतीत ती १२.८ व्होल्ट दाखवते आणि लोड पडताच कोसळते. म्हणून चौथी पायरी लोडवरील चाचणीची. बॅटरी पुन्हा जोडून पूर्ण चार्ज करावी. संगणक वगैरे काढून, बंद पडला तरी चालेल असा एखादा लोड, उदाहरणार्थ ६० ते १०० वॉटचा तापणारा बल्ब, यूपीएसला जोडावा. आता यूपीएसचा प्लग न उपटता सॉकेटचा स्विच बंद करावा. प्लग उपटल्यास यूपीएसची अर्थिंगही सुटते, स्विचने ती कायम राहते. स्विच बंद केल्याची वेळ लिहावी आणि आवाज भराभर होईपर्यंत थांबावे, तेव्हाची वेळही लिहावी. मिळालेली मिनिटे उत्पादकाच्या त्याच लोडच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ११८८ या मानकानुसार मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी बदलण्यायोग्य मानली जाते. घरगुती वापरात इतके काटेकोर असण्याची गरज नाही, असे मला वाटते. मात्र बॅकअप मूळच्या निम्म्यावर आला, किंवा संगणक रीतसर बंद करायला लागणाऱ्या वेळाच्या दुपटीपेक्षा कमी उरला, तर बॅटरी बदलण्यात चालढकल करू नये.

नवी बॅटरी बसवताना

जुन्या बॅटरीवर छापलेले व्होल्टेज, अँपिअर-तास आणि मापे जशीच्या तशी जुळवावीत. चपट्या टोकांच्या रुंदीचे ४.८ आणि ६.३ मिलिमीटर असे दोन प्रकार प्रचलित आहेत. चुकीची घेतली तर क्लिप सैल बसते आणि तिथेच तापते. यूपीएसमध्ये दोन किंवा अधिक बॅटऱ्या असतील तर सर्व एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावली की चार्जिंगचे व्होल्टेज दोघींत असमान वाटले जाते, त्यातून एक जास्त तर दुसरी कमी चार्ज होते आणि नवीही लवकर खराब होते. बॅटरीवरील निर्मितीची तारीख पाहून घ्यावी. सहा महिन्यांहून अधिक काळ चार्ज न करता पडून असलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बॅटरी परस्पर बसवू नये, कारण चार्जरचे व्होल्टेज आणि उरलेल्या चार्जचा अंदाज काढण्याची पद्धत त्या विशिष्ट प्रकारासाठी ठरवलेली असते. यूपीएसच्या उत्पादकाने तशी मान्यता दिली असेल तरच विचार करावा.

जोडताना आधी लाल, मग काळी तार लावावी. शेवटची तार लावताना बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नये. आतील कपॅसिटर भरत असतात. त्यानंतर २४ तास चार्जिंग, मग स्वयंचाचणी. नवी बॅटरी बसवूनही ‘बॅटरी बदला’ ही सूचना राहिली, तर बहुतेक वेळा चाचणी घेतलेली नसते किंवा सेटिंगमध्ये बॅटरीची तारीख जुनीच राहिलेली असते. उरलेल्या वेळाचा आकडा चुकीचा दिसत असेल, तर ज्या मॉडेलांत बॅकअपच्या वेळाचे कॅलिब्रेशन करण्याची सोय आहे तिथे पूर्ण चार्जवर आणि पुरेसा लोड ठेवून ते एकदा करावे. त्यात बॅटरी बरीच उतरते, म्हणून वारंवार करू नये. बसवलेल्या बॅटरीवर महिना आणि वर्ष मार्करने लिहून ठेवावे.

जुनी बॅटरी काढताना ती जागेवरून हलत नसेल तर थांबावे. फुगलेली बॅटरी ओढून, उचकटून काढू नये. बॅटरी फुगणे, तिच्या कवचाला हात लावता येणार नाही इतकी ऊब असणे किंवा सडलेल्या अंड्यासारखा वास येणे, ही जास्त चार्जिंगची आणि वायू बाहेर पडत असल्याची चिन्हे आहेत. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. अशा वेळी हात लावल्याशिवाय होण्यासारखे एवढेच: यूपीएसला येणारी वीज खोलीबाहेरील एमसीबीवरून तोडावी, खिडक्या उघडाव्यात, माणसांना खोलीबाहेर न्यावे आणि तंत्रज्ञाला बोलवावे. खोलीत ठिणगी पडेल असा कोणताही स्विच दाबू नये. धूर किंवा आग दिसली तर पाणी टाकू नये. कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे, आणि तो प्रयत्नही मागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच करावा.

बिघाड, तापमान आणि वायरिंगच्या सूचना

अंतर्गत बिघाडाचा सूर चालू असताना वारंवार बंद-चालू करून पाहण्यात अर्थ नाही. एकदा सर्व लोड काढून, यूपीएस बंद करून, काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावा. तीच सूचना आली तर कोडचा फोटो घेऊन दुरुस्तीकडे पाठवावा. जळका वास असेल तर ही एक संधीही देऊ नये.

तापमानाची सूचना आली तर आधी हवेची जाळी आणि पंखा पाहावा. बहुतेक छोट्या यूपीएसची सभोवतालच्या तापमानाची मर्यादा ४० अंश असते. यूपीएसच्या सर्व बाजूंना मोकळी जागा असावी, धूळ बाहेरूनच कोरड्या ब्रशने काढावी. पंखा फिरत नसेल किंवा खरखरत असेल तर लोड कमी करून तो लवकर बदलून घ्यावा.

वायरिंगचा दिवा लागला तर सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात किंवा अर्थिंग नसते. अर्थिंग नसेल तर यूपीएसमधील सर्ज संरक्षण नीट काम करू शकत नाही. हे काम यूपीएसचे नाही, इलेक्ट्रिशियनचे आहे, आणि त्याने न्यूट्रल व अर्थ यांच्यातील व्होल्टेजही मोजावे. ते काही व्होल्टच्या आत असायला हवे.

ऑनलाइन यूपीएस आणि बायपास

ऑनलाइन प्रकारचा यूपीएस सतत वीज डीसीत आणि पुन्हा एसीत रूपांतरित करून देतो. त्यात बिघाड किंवा ओव्हरलोड झाला तर तो लोड थेट मुख्य विजेवर टाकतो. यालाच बायपास म्हणतात. या स्थितीत सर्व यंत्रे सुरळीत चालू दिसतात, पण वीज गेली की लगेच बंद पडतात. म्हणून बायपासची सूचना दिसताच महत्त्वाचे काम आवरते घ्यावे आणि कारण शोधावे. ओव्हरलोड हे कारण असेल तर लोड कमी केल्यावर तो अनेकदा स्वतः परततो. तसे न झाल्यास देखभालीचा स्विच फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. तो चुकीच्या क्रमाने फिरवल्यास यूपीएसची आणि बाहेरची वीज एकमेकांवर आदळू शकते. अशा यूपीएसच्या बॅटरी संचाचे एकूण व्होल्टेज शंभरापलीकडे असू शकते आणि ते डीसी असल्याने अधिक घातक आहे. तिथे झाकण उघडण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षित व्यक्तीला असावा.

ऐकायला कोणी नसेल तेव्हा

सर्व्हर किंवा साठवणुकीचे यंत्र बंद खोलीत असेल तर बीप कोणाच्याही कानी पडत नाही. यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडली की विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स बहुतेक यूपीएस बॅटरी म्हणून ओळखतात किंवा सोबतच्या सॉफ्टवेअरने ओळखू लागतात. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना स्थिती आखूड संकेतांत दिसते: ‘ओएल’ म्हणजे विजेवर, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली आणि ‘आरबी’ म्हणजे बॅटरी बदला. यांपैकी ‘आरबी’साठी ईमेल किंवा फोनवरील सूचना आवर्जून वेगळी लावावी, कारण ‘ओबी’च्या सूचना इतक्या वेळा येतात की लोक त्या वाचणे सोडून देतात आणि त्यांच्याच गर्दीत ‘आरबी’ही न वाचलेली राहते.

आपोआप बंद होण्याची वेळ ठरवताना यंत्र बंद व्हायला प्रत्यक्षात किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे आणि त्याच्या दुप्पट वेळ राखून ठेवावा. फक्त ‘एलबी’वर विसंबू नये, कारण जुन्या बॅटरीत ‘एलबी’ येणे आणि पुरवठा तुटणे यांत काही सेकंदांचेच अंतर उरू शकते. वीज परत आल्यावर यंत्र लगेच सुरू होऊ न देता बॅटरी ठरावीक टक्क्यांपर्यंत भरल्यावरच सुरू होईल असे सेटिंग असल्यास तेही लावावे. नाहीतर वीज पाच मिनिटांत पुन्हा गेली तर रीतसर बंद होण्याइतका चार्जही शिल्लक नसतो. हे सर्व जुळवल्यावर, माहिती जतन करून, सॉकेटचा स्विच बंद करून एकदा पूर्ण रंगीत तालीम घ्यावी आणि बॅटरी बदलल्यावर प्रत्येक वेळी ती पुन्हा घ्यावी.

काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते. तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती उभी ठेवावी आणि नवी देणाऱ्या विक्रेत्याकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी.